मुलांच्या मनात अल्लाहचं भान कसं रुजवावं

मे महिन्यात आमच्या दापोलीकडची पोरं सकाळीच करवंदांना निघतात. जाळीत शिरताना झगा सावरायचा, फांदी हळूच बाजूला करायची, पाय बघून टाकायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. एकदा काटा लागला की पुरे. दुसरे खलिफा हजरत उमर यांनी पैगंबरांचे साथी हजरत उबई बिन काब यांना विचारलं होतं, तक्वा, म्हणजे अल्लाहचं भान राखणं, ते नेमकं काय? उबईंनी उलट विचारलं, काटेरी वाटेने कधी चालला आहात? मग काय केलंत? उमर म्हणाले, कपडे आवरून जपून चाललो. उबई म्हणाले, तोच तक्वा.

आपल्या कोकणातल्या आईबापांना हे समजवायला वेगळा दाखला नको. आणि यातली महत्त्वाची गोष्ट अशी की काट्यांना भिऊन पोरं घरी बसत नाहीत. जाळीत करवंदं आहेत, म्हणून ती जातात. मुलाला अल्लाहचं भान द्यायचं ते असं, जपून पण आनंदाने चालण्यासाठी.

आधी धाक दाखवणं थांबवा

ही चूक मी स्वतः केली आहे. मुलगा सहा वर्षांचा असताना शेजारच्या कलमाखाली पडलेला हापूस घेऊन आला. "कुणी बघितलं नाही," म्हणाला. मी रागाने बोलले, "अल्लाहने बघितलं, आता हात जाळील तुझा." तो रडला, मला वाटलं शिकला. आठ दिवसांनी विहिरीमागे आंब्याच्या साली सापडल्या. अल्लाहपासून तर तो लपू शकत नव्हता, माझ्यापासून लपायला मात्र मीच शिकवलं होतं.

मग मी त्याला जवळ घेतलं, माझं बोलणं चुकलं असं कबूल केलं आणि दोघं मिळून शेजारणीकडे गेलो. कुणाचा हक घेतला तर तौबा करायची आणि त्याचं त्याला परतही करायचं, हे तिथे जाता जाता सांगितलं. ओसरीवर पाच आंबे ठेवताना त्याचे कान लाल झाले होते. ती वाट मी त्याच्याबरोबर चालले, एकट्याला पाठवलं नाही.

कुराणातले शहाणे हजरत लुकमान मुलाला उपदेश करतात तेव्हा पुन्हा पुन्हा "या बुनय्य" अशी हाक मारतात. म्हणजे "माझ्या लाडक्या लेकरा". मोहरीच्या दाण्याएवढी गोष्ट खडकात दडलेली असली तरी अल्लाह ती समोर आणील, ही एवढी मोठी गोष्टसुद्धा त्या लाडक्या हाकेनंतर येते. तुम्हीही हाक आधी मारा.

अल्लाह बघतो, हे अंगणात दाखवा

चार-पाच वर्षांच्या मुलाला "अल्लाह सर्वज्ञ आहे" असं सांगून काही कळत नाही. कुराणातल्या अनआम या सूरहची (अध्यायाची) ५९वी आयत घ्या: जमिनीवर आणि समुद्रात जे आहे ते तो जाणतो, त्याच्या नकळत एक पानही गळत नाही, जमिनीच्या अंधारातला दाणासुद्धा नाही. मग फणसाखाली बसा आणि पानं गळताना बघा. हे पान? तेही माहीत. आणि ते? तेही. पोरं दमेपर्यंत विचारतात, विचारू द्या. भाताचा तरवा उगवला की अंधारातल्या दाण्याचं बोला. ओहोटीला पुळणीवर खेकड्यांची बिळं दाखवा आणि सांगा, आतल्या पिल्लालाही खायला देणारा तोच. बघणारा आणि जपणारा एकच आहे, हे मुलाच्या मनात एकत्र जायला हवं. मला यापेक्षा मोठा धडा माहीत नाही.

स्वतःचा शब्द तपासा

एका आईने मुलाला "ये, तुला काही देते" म्हणून बोलावलं. पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांनी विचारलं, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. ते म्हणाले, दिलं नसतंस तर तुझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं असतं.

आपल्याकडे कितीतरी घरांतले अब्बा आखातात किंवा जहाजावर असतात. फोनवर मूल विचारतं, "ईदला येणार ना?" आणि जमणार नाही हे ठाऊक असूनही "इन्शाअल्लाह, येतो" म्हटलं जातं. इन्शाअल्लाह म्हणजे "अल्लाहची इच्छा असेल तर", पण मूल त्याचा अर्थ तिथे शिकतं. अल्लाहचं नाव टाळाटाळीला वापरू नका. "या ईदला सुट्टी नाही बेटा" हे ऐकून ते रडेल, पण तुमच्या तोंडचं अल्लाहचं नाव त्याला खरं वाटत राहील.

नमाज सातव्या वर्षापासून, ओढ त्याआधीपासून

मूल सात वर्षांचं झालं की नमाजेला सांगा, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन आहे. त्याआधी फक्त शेजारी उभं राहू द्या. पैगंबर सजद्यात (नमाजेत कपाळ जमिनीला टेकवून) असताना नातू पाठीवर चढला, तर त्यांनी सजदा लांबवला, त्याला घाईने उतरवलं नाही. मशिदीत पोर हसलं म्हणून त्याला मागे हाकलणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे आठवावं. आपण कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजेत, दुआ-ए-कुनूत ही प्रार्थना रोजची. तिचा अर्थ घरातल्या मराठीत एकेक ओळ सांगा. अर्थ कळला की आमीन म्हणताना आवाज बदलतो.

रोजा: तपासायचा नाही

रमजानचा चाँद बघायला मुलांना किनाऱ्यावर न्या, पश्चिमेला मोकळा समुद्र असताना गच्चीवरून कशाला? लहानांना अर्ध्या दिवसाचा रोजा पुरे. वुजू करताना, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुताना, घोटभर पाणी पिलं तर कुणालाच कळणार नाही, हे मुलाला ठाऊक असतं, आणि तरी ते पीत नाही. तो क्षण त्याचा आणि अल्लाहचा आहे. म्हणून "जीभ दाखव" कधी म्हणू नका. प्यायलं असेल आणि येऊन सांगितलं, तर खरं बोलल्याबद्दल आधी पाठ थोपटा.

रात्री दोन मिनिटं

पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास लहान होते, पैगंबरांच्या मागे स्वारीवर बसले होते, तेव्हा पैगंबर त्यांना म्हणाले: अल्लाहचं भान राख, तो तुझी राखण करील. मागायचं तर अल्लाहकडे माग. झोपताना हे वाक्य मुलाबरोबर म्हणा. मग त्याला त्याच्या शब्दांत मागू द्या, सायकल मागितली तरी चालेल. हात तोंडावरून फिरवून झाले की दिवा घालवा आणि बाहेर या. त्याने मनात काय मागितलं, ते विचारू नका.