गुळी दावणीत टाकण्याआधी मुठीत धरून बघा

आमच्या लातूरकडच्या औसा भागात सोयाबीनच्या भुसकटाला गुळी म्हणतात. विदर्भातले पाहुणे त्यालाच कुटार म्हणतात. मळणीच्या दिवशी सगळ्यांचं ध्यान सोयाबीनच्या पोत्यांकडे, आणि गुळी बांधाला उडून जाते, नाहीतर कुणीतरी काडी लावून मोकळं होतं. माझ्या दावणीला दोन देवणी गायी आणि एक म्हैस. मला ते बघवत नाही.

गुळी घेताना मूठभर हातात धरून चुरा. टरफलं जास्त लागली तर घ्या, नुसत्या काड्या टोचल्या तर सोडून द्या. सोयाबीन वाळताना पानं शेतातच गळतात, म्हणून जनावराला मिळायचं ते टरफलांतूनच. काडी म्हणजे लाकूडच, गाय ती चाळून बाजूला सारते. तुरीच्या तुराट्या काढून घेतल्यावर खाली उरलेला पाला आणि टरफलं मात्र आनंदाने खाते. भुईमुगाचा पाला सगळ्यांत वरचढ, पण मुळांची माती झटकून आणि पानं न झडू देता वाळवलेला हवा.

आता आकडे. गव्हाच्या भुसकटात प्रथिनं 3 टक्क्यांच्या आसपास, सोयाबीनच्या गुळीत साधारण 5-6, भुईमुगाच्या चांगल्या पाल्यात 8-10. एवढ्याशा फरकाने काय होतं, असं माझ्या जाऊबाई विचारतात. गायीच्या पोटात वैरण पचवणारे जंतू असतात, प्रथिनं आधी त्यांनाच लागतात. एकूण खाण्यात ती 7 टक्क्यांच्या खाली गेली की जंतू मंदावतात, आणि पोट गच्च भरूनही जनावर रोडावतं. म्हणून एकट्या गुळीवरही गाय ठेवू नका.

साडेतीनशे किलोच्या गायीला मी दिवसाला 4 किलो कडब्याची कुट्टी, अडीच किलो गुळी आणि 8-10 किलो हिरवा चारा घालते. दुधातल्या गायीला आंबोण, म्हणजे पेंड-भरड्याचा खुराक, वेगळं. नवी गुळी सुरू करताना पहिल्या दिवशी अर्धा किलोच, मग आठ-दहा दिवसांत वाढवत न्यायची. वरून पाण्याचा हबका मारला की धूळ नाकात जात नाही. कोरडं खाणं वाढलं की पाणीही वाढवा, नाहीतर पोट जाम होतं.

गुळीत आणि पाल्यात कॅल्शियम भरपूर, पण फॉस्फरस कमी. तो कमी पडला की गाय हाडकं, चिंध्या चघळत फिरते. आंबोणात गव्हाचा कोंडा आणि रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण घालत जा.

भुसकटातली प्रथिनं वाढवायला युरिया लावायचा का, असं मला नेहमी विचारतात. 100 किलोला 4 किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि 21 दिवस हवाबंद ठेवायचं, ही रीत गव्हाच्या काडासाठी आणि भाताच्या पेंढ्यासाठी. गुळीला तो खर्च मी करत नाही. शिवाय गुळीत मळणीत सुटलेले सोयाबीनचे कच्चे दाणे असतात, आणि त्यांच्यातल्या घटकामुळे युरियाचा अमोनिया झपाट्याने सुटतो. युरियाचं काही खाऊ घालत असाल, तर असे दाणे त्यात मुळीच येऊ देऊ नका. विषबाधा होते.

एका वर्षी परतीच्या पावसात माझा ढीग भिजला. वरून वाळला, पण आत हात घातला तर गरम आणि पांढरी बुरशी. ऊन दाखवून घातली तर चालेल, असं मीच ठरवलं. गायीने दोन दिवस रवंथ सोडला, दूध अर्ध्यावर आलं. उन्हाने बुरशीचं विष जात नाही, उलट ते दुधातही उतरतं. तेव्हापासून वास आला की ती गुळी थेट उकिरड्यावर.

आता ढिगाखाली दगड मांडून वर लाकडं टाकते आणि पाऊस येण्याआधीच ताडपत्री बांधते. दावणीत उरलेल्या काड्या संध्याकाळी वासरांखाली पसरते.