खारीच्या लेंड्यांतून परजीवींची जनुकीय विविधता कशी शोधायची (आणि खोटी विविधता कशी ओळखायची)

सुरुवातीलाच सांगतो, कॅलिफोर्नियातली ग्राउंड स्क्विरल म्हणजे आपली रामाने पाठीवरून बोटं फिरवलेली खार नव्हे. पाठीवर पट्टे नाहीत, अंग भुरकट ठिपक्यांचं, खांद्यावर फिकट झाक, आणि झाडापेक्षा बिळात जास्त रमणारी, कॉलनी करून राहणारी. कालव्याच्या बांधाला, गुरांच्या कुरणात, कॉलेजच्या लॉनवर, जिथे बघाल तिथे हिची बिळं. इथे आलो तेव्हा घरी फोनवर सांगितलं की मी खारीच्या लेंड्यांवर काम करतोय, तर आई म्हणाली, एवढ्या लांब जाऊन हेच करायचं होतं का? असो.

आता या विषयात नवीन येणारी पोरं मला तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. उदाहरण क्रिप्टोस्पोरिडियमचं (थोडक्यात क्रिप्टो, आतड्यात राहणारा एकपेशीय परजीवी) घेतो कारण माझा हात त्यावर बसलाय, पण आयमेरिया किंवा जिआर्डिया या आतड्यातल्या दुसऱ्या परजीवींना सुद्धा यातलं बरंचसं लागू पडतं.

आधी हे कशासाठी ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं नुसतं रेसिपी वाटेल. क्रिप्टो आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून त्याच्या ऊसिस्ट, म्हणजे जाड कवचाच्या अंड्यासारख्या पेशी, बाहेर पडतात, आकार चार-पाच मायक्रॉन, म्हणजे आपल्या लाल रक्तपेशीपेक्षाही लहान, आणि क्लोरीनला अजिबात दाद देत नाहीत. १९९३ साली अमेरिकेत मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून अंदाजे चार लाख लोक आजारी पडले ते याच परजीवीमुळे. तेव्हा सगळ्यांचं बोट गुरांकडे गेलं होतं, पण नंतर जीनोटाइप (जनुकांवरून ठरणारा प्रकार) तपासला तर तो माणसात फिरणारा प्रकार निघाला. मायक्रोस्कोपखाली दोन्ही सारखेच गोल दिसतात! खारींचंही तसंच झालं. २००१ च्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियाभरच्या तीनशेच्या वर खारी तपासल्या, त्यातल्या सुमारे १६ टक्के ऊसिस्ट टाकत होत्या, ग्रॅममागे सरासरी पन्नास हजारांच्या वर. त्या वेळी त्याला पार्वमच, म्हणजे गुरांत आणि माणसांत सापडणारी क्रिप्टोची प्रजाती, म्हटलं गेलं. पुढे सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं) वाढत गेलं तसं कळलं की खारींमध्ये त्यांचे स्वतःचे वेगळे जीनोटाइप आहेत आणि त्यातल्या एकाला २०१५ मध्ये क्रिप्टोस्पोरिडियम रुबेयी असं नवं नाव मिळालं. हा रुबेयी उंदरांच्या नवजात पिल्लांना आणि होल्स्टीन वासरांना देऊन बघितला तर लागलाच नाही. म्हणजे नुसती मोजणी केलीत तर खार गुन्हेगार दिसते, जनुकं वाचलीत तर गोष्ट वेगळीच निघते.

फील्डवर जायच्या आधी

परमिट. जंगली प्राणी पकडायचा तर राज्याच्या वन्यजीव खात्याचं परमिट आणि संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी, दोन्ही हातात आल्याशिवाय पिंजरा उचलायचा पण नाही. याला महिने लागतात, त्यामुळे आधी अर्ज टाका आणि मग बाकीचं वाचन करा. वाचताना एक लक्षात ठेवा, २००९ मध्ये स्पर्मोफिलस या वंशाचे तुकडे पाडून आठ वंश केले, त्यामुळे हिचं आजचं नाव ओटोस्पर्मोफिलस बीचेयी असलं तरी बरेच पेपर अजून जुन्या नावानेच सापडतात. दोन्ही नावांनी सर्च करा.

दुसरं म्हणजे पिसवा. हसू नका, या खारींच्या पिसवांमधून प्लेगचे जंतू येऊ शकतात, आजही. पूर्ण बाह्या, ग्लोव्हज, पायजमा मोज्यात खोचलेला, कीटकरोधक फवारा. मेलेली खार दिसली तर हात लावायचा नाही, लगेच कळवायचं.

आणि कधी जायचं? मोठ्या खारी ऐन उन्हाळ्यात बिळात दडी मारतात आणि थंडीतही झोपतात, त्यामुळे वसंत ऋतू ते उन्हाळ्याची सुरुवात हा काळ बरा. पिल्लं तेव्हाच बिळाबाहेर पडतात, आणि तुमच्या नमुन्यात लहान-मोठे, नर-मादी सगळे यायला पाहिजेत. २००१ च्या त्या अभ्यासात नरांमध्ये प्रमाण जास्त आढळलं होतं, तेव्हा फक्त हाताला लागतील तेवढ्या माद्या पकडून सगळ्या कॉलनीबद्दल बोलायचं नाही.

लेंड्या गोळा करणं

पिंजरा जिवंत पकडणारा, जाळीचा. आत ओट्स आणि पीनट बटर. खाली स्वच्छ कागद किंवा ट्रे, म्हणजे खार आत बसली की भीतीने काम आपोआप होतं. पिंजरा सावलीत ठेवा आणि सारखा तपासा, या खारी दिवसा फिरतात आणि इथल्या उन्हात पिंजरा तापला की जनावर मरू शकतं. खार सोडताना अंगावर केसांच्या डायने खूण करायची. ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच पहिली चूक होते, कारण खादाड खार असते ती ओट्ससाठी दुसऱ्या दिवशी परत येते, तिसऱ्या दिवशी परत येते, आणि तुम्ही तीन खारी म्हणून एकच खार मोजता. प्रत्येक नमुन्यानंतर कागद बदला, ट्रे धुवा, ग्लोव्हज बदला.

बिळाच्या तोंडाशी पडलेल्या लेंड्या उचलणं सोपं आहे खरं, परमिटचा त्रासही कमी, पण मग कोणाची लेंडी आहे हे सिद्ध करायला होस्टचा, म्हणजे ज्या प्राण्याची लेंडी त्याचा, सायटोक्रोम बी जीन वाचावा लागतो आणि कुठल्या खारीची हे तर कळतच नाही. मी तरी टाळतो.

जपून ठेवण्याबद्दल: फॉर्मॅलिन नको. नको म्हणजे नकोच. मायक्रोस्कोपीला छान असतं पण डीएनएची वाट लावतं. ऊसिस्ट जिवंत पाहिजे असतील तर अडीच टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये, चार डिग्रीला फ्रिजमध्ये. ते नारिंगी पाणी विषारी असतं आणि पीसीआरही (डीएनएच्या तुकड्याच्या लाखो प्रती काढायची पद्धत) बंद पाडतं, म्हणून डीएनए काढायच्या आधी सेंट्रिफ्यूज करून पाण्याने तीन-चार वेळा धुवायचं, वरचं पाणी बिनरंगी होईपर्यंत. फक्त डीएनएच पाहिजे असेल तर ७० टक्के इथेनॉल चालतं, नाहीतर सरळ उणे २० ला ठेवा. इथेनॉलही आधी धुऊनच काढा.

ऊसिस्ट वेगळ्या करणं आणि डीएनए

यासाठी साखरेचा पाक करायचा. खरंच. ४५४ ग्रॅम साखर, ३५५ मिली पाणी, मंद आचेवर विरघळवायची, गार झाल्यावर थोडं फिनॉल घालायचं म्हणजे बुरशी येत नाही. गुलाबजामचा पाक जमत असेल तर हा जमलाच, फक्त तार बघत बसू नका आणि लॅबमधल्या पाकाची बरणी लॅबमध्येच ठेवा. या जड पाकात नमुना फिरवला की ऊसिस्ट वर तरंगतात आणि गाळ खाली बसतो. पैसे असतील तर चुंबकीय मणी वापरून अँटिबॉडीने ऊसिस्ट पकडायची पद्धत जास्त स्वच्छ पडते. एक थेंब फ्लुरोसंट अँटिबॉडी लावून बघा, हिरव्या सफरचंदासारखे चमकणारे गोल दिसले की जीवात जीव येतो.

ऊसिस्टची भिंत म्हणजे नारळाची करवंटी. किटमधलं बफर ओतून ती फुटत नाही. लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवा, गरम पाण्यात वितळवा, असं पाच-सहा वेळा, किंवा काचेच्या मण्यांबरोबर जोरात हलवा. एका ऊसिस्टमध्ये चारच स्पोरोझॉइट (आतले संसर्ग करणारे जीव), आणि जीनोम सगळा मिळून नऊ दशलक्ष बेसचा, त्यामुळे एवढासा डीएनए हाताला लागतो आणि त्यात एक काडी पण वाया घालवून चालत नाही. खारीच्या लेंडीत झाडपाल्याचे घटक भरपूर, ते पीसीआर रोखतात, म्हणून मिक्समध्ये बीएसए (गुरांच्या रक्तातलं एक प्रथिन) घाला आणि डीएनए दहापट पातळ करूनही एकदा चालवून बघा. कितीतरी निगेटिव्ह नमुने असे पॉझिटिव्ह होतात.

पीसीआर, आणि इथून खरी गंमत

पहिला जीन १८एस, पेशीतल्या रायबोसोमचा एक भाग बनवणारा. नेस्टेड पीसीआर, म्हणजे पहिल्या फेरीत साधारण १३०० बेसचा तुकडा आणि त्याच्या आतला ८३० च्या आसपासचा दुसऱ्या फेरीत. एवढ्याशा डीएनएला दोन फेऱ्या लागतात, पण पहिल्या फेरीची ट्यूब उघडली की हवेत लाखो प्रती उडतात. दोन फेऱ्यांच्या खोल्या वेगळ्या, पिपेट वेगळे, ॲप्रन वेगळा, आणि दर बॅचला पाण्याचा निगेटिव्ह कंट्रोल दोन्ही फेऱ्यांत. कंट्रोलमध्ये बँड (जेलवर दिसणारा डीएनएचा पट्टा) आला की बॅच फेकायची, मग गाइड कितीही चिडू दे. नमुन्याचा बँड जेलमधून कापून दोन्ही बाजूंनी सँगर पद्धतीने सिक्वेन्सिंग करा.

माझ्या पहिल्या सीझनला सिक्वेन्स आले तेव्हा मला जवळजवळ प्रत्येक खारीत वेगळा हॅप्लोटाइप (सिक्वेन्सचा वेगळा नमुना) दिसला, दोन रात्री झोप नाही, डोक्यात पेपरचं टायटल पण तयार. मग आमच्या लॅबमधल्या ताईने एकच प्रश्न विचारला, क्लोन किती केलेस आणि एन्झाइम कुठलं? (क्लोन म्हणजे पीसीआरमधला एकेक तुकडा वेगळा करून जिवाणूत वाढवलेला; एन्झाइम म्हणजे पीसीआरमध्ये प्रती काढणारं.) आठवड्याभरात डझनभरातले बोटांवर मोजण्याइतके राहिले.

कारण बघा. क्रिप्टोमध्ये १८एसची एकच प्रत नसते. पार्वमच्या जीनोममध्ये पाच प्रती आहेत, त्यातल्या चार एका धर्तीच्या आणि एक वेगळी. म्हणजे एकाच परजीवीच्या पोटातून दोन प्रकारचे सिक्वेन्स निघू शकतात आणि तुम्ही त्याला दोन स्ट्रेन समजता. दुसरं, साधं टॅक एन्झाइम अधूनमधून चुकीचा बेस टाकतं, आणि क्लोनिंग केलं की त्या चुकांमधली एकेक स्वतंत्र वंशावळ असल्यासारखी समोर येते. तिसरं, एका खारीत खरोखरच दोन जीनोटाइप एकत्र असू शकतात, क्रोमॅटोग्रामवर (सिक्वेन्सिंग मशीनच्या आलेखावर) एकाच जागी दोन शिखरं दिसतात तेव्हा. ही तीनही कारणं वरून एकसारखी दिसतात.

मग वेगळं कसं करायचं? हाय-फिडेलिटी, म्हणजे कमी चुकणारं, एन्झाइम वापरायचं हे तर आहेच. त्याच डीएनएचा पीसीआर नव्याने, स्वतंत्रपणे परत करायचा; जो बदल दोन्ही वेळा आला तोच धरायचा, एकदाच एका क्लोनमध्ये दिसलेला बदल सोडून द्यायचा, कितीही आवडला तरी. दोन शिखरं दिसली तर प्रत्येक नमुन्याचे आठ-दहा क्लोन वाचायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकट्या १८एसवर विसंबायचं नाही. ॲक्टिन, एचएसपी७० हे एकेरी प्रतीचे जीन आहेत, क्रिप्टो झायगोटचा थोडा टप्पा सोडला तर हॅप्लॉइड (जनुकांचा एकच संच असलेला) असतो, तेव्हा तिथेही दोन शिखरं दिसली तर मात्र मिश्र संसर्गाचा संशय पक्का. १८एसमध्ये दोन आणि ॲक्टिनमध्ये एकच, तर बहुतेक प्रतींचा खेळ. रुबेयी ही वेगळी प्रजाती म्हणून मांडतानाही १८एस, ॲक्टिन आणि एचएसपी७० तिन्ही बघितले होते, त्यावर ऊसिस्टचं मोजमाप, त्यावर प्राण्यांवरचा प्रयोग. एका झाडाच्या एका फांदीवरून नवी प्रजाती जाहीर करायचे दिवस गेले.

जीपी६० या जीनबद्दल हमखास विचारतात. त्यात टीसीए, टीसीजी असे तीन-तीन बेसचे तुकडे पुन्हापुन्हा येतात, ते मोजून नाव पडतं. वासरांमध्ये नेहमी सापडणारा ए१५जी२आर१ म्हणजे टीसीए पंधरा वेळा, टीसीजी दोन वेळा, आणि पुढच्या वेगळ्या तुकड्याची एक आवृत्ती. पार्वम आणि होमिनिस (माणसात फिरणारी प्रजाती) यांच्यासाठी उत्तम, पण हा जीन इतका पटापट बदलतो की लांबच्या प्रजातींवर नेहमीचे प्रायमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) बसतीलच असं नाही. खारींच्या नमुन्यात बँड आला नाही म्हणून नमुना निगेटिव्ह लिहू नका.

कॉम्प्युटरवर

सिक्वेन्स हाताने, डोळ्याने तपासा, सॉफ्टवेअरने दिलेलं तसंच घेऊ नका. मग जेनबँकवर ब्लास्ट, म्हणजे सिक्वेन्सच्या सार्वजनिक साठ्यात जुळणारे सिक्वेन्स शोधणं. ९९ टक्के जुळलं म्हणून तीच प्रजाती असं होत नाही, १८एसमध्ये जवळच्या प्रजातींत फरक मुळात थोडाच असतो, फरक कुठल्या जागी आहे ते बघा. वंशावळीचं झाड काढायला मेगा हे सॉफ्टवेअर पुरतं, १००० बूटस्ट्रॅप (फांद्या किती पक्क्या ते तपासणाऱ्या फेऱ्या), बाहेरचा गट, म्हणजे तुलनेसाठी एक लांबचा नातेवाईक, घालायला विसरू नका. हॅप्लोटाइप विविधता आणि न्यूक्लिओटाइड विविधता डीएनएएसपी या सॉफ्टवेअरमध्ये निघते, हॅप्लोटाइपचं जाळं काढायला पॉपआर्ट. पण हे आकडे काढताना मघाचं आठवा, एका खारीचे दहा क्लोन म्हणजे दहा नमुने नव्हेत. विविधतेच्या हिशोबात एका खारीतला एक हॅप्लोटाइप एकदाच. क्लोन सगळे मोजलेत तर आकडा भरघोस दिसतो आणि रिव्ह्यूअर दुसऱ्याच पानावर पकडतो.

दोन कॉलन्यांची तुलना करायची असेल तर नमुने सारखे ठेवा, एकीकडून चाळीस खारी आणि दुसरीकडून सहा, मग पहिलीत विविधता जास्त दिसणारच. आणि कॉलनी कुरणात आहे, कालव्यावर आहे की डोंगरात, आसपास गुरं आहेत का, हे वहीत त्याच दिवशी लिहा. सिएरा नेवाडाच्या डोंगरात सोनेरी पाठीची एक वेगळी खार आहे, बेल्डिंगची आणखी वेगळी, आणि रुबेयीचा जीनोटाइप आपली ग्राउंड स्क्विरल धरून या तिघींतही सापडलाय. म्हणजे परजीवी कॉलनीप्रमाणे बदलतो की खारीच्या जातीप्रमाणे, हा प्रश्न टाकायचा असेल तर तिन्ही जातींचे नमुने एकाच वर्षी, एकाच पद्धतीने घेतलेले पाहिजेत.

डीएनए संपवू नका. प्रत्येक नमुन्याचा निम्मा भाग उणे ८० ला, लेबल ग्राफाइट पेन्सिलीने, कारण मार्कर इथेनॉलमध्ये पुसला जातो आणि मग फ्रीझरमध्ये चाळीस अनामिक ट्यूबा घेऊन बसावं लागतं. माझ्याकडे अजून एक रॅक आहे तसा.