रचना शिकायची तर नाटकाच्या जाहिरातीपासून सुरुवात करा

मराठी वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान घ्या, हातभर अंतरावर धरा आणि डोळे किलकिले करा. बारीक मजकूर विरून जातो, काही काळे-पांढरे आकार तेवढे उरतात. जे उरलं, तेच वाचकाला आधी दिसणार. माझ्याकडे डिझाइनचं काम शिकायला येणाऱ्या मुलांना मी सुरुवातीला हेच करायला लावते. एवढ्याशा चौकटीत नाटकाचं नाव, कलाकार, लेखक-दिग्दर्शक, तारीख, वेळ, नाट्यगृह असं सगळं बसवायचं असतं आणि जागा मिळते जेमतेम एखाद-दोन कॉलमांची. तरीही शिवाजी मंदिरला दुपारी प्रयोग आहे, हे पान उलटता उलटता कळलं पाहिजे.

समतोल, लय, प्रमाण, विरोध, एकता ही तत्त्वं पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, म्हणून ती सुटी सुटी वाटतात. माझ्या मते ती सगळी एकाच कामासाठी आहेत: आधी काय दिसावं, मग काय आणि शेवटी काय, हे ठरवण्यासाठी. हा क्रम आधी पेन्सिलीने कागदावर लिहा. ज्याला तो लिहिता येत नाही, त्याला ब्रीफच, म्हणजे क्लायंटला काय हवंय तेच, नीट कळलेलं नसतं, मग सॉफ्टवेअर कितीही येत असो.

कमल शेडगे यांनी कितीतरी दशकं मराठी नाटकांची शीर्षकं हाताने रेखाटली. त्यांचं काम मिळेल तिथून जमवा आणि अक्षरांच्या वळणांइतकंच त्यांच्याभोवतीच्या जागेकडे बघा. शीर्षक लक्ष वेधतं ते नुसतं मोठं असल्यामुळे नाही, त्याच्या आजूबाजूला गर्दी नसते म्हणूनही.

आता सराव. एका काल्पनिक प्रयोगाचा मजकूर घ्या: नाव, दोन कलाकार, तारीख, वेळ, नाट्यगृह, तिकिटाचे दर. पहिल्यांदा सगळी अक्षरं एकाच आकाराची आणि एकाच जाडीची ठेवा. फक्त जागा बदलून क्रम दाखवा. हे अवघड जातं आणि तिथेच जवळीक म्हणजे काय ते उमगतं. जवळ असलेल्या गोष्टी डोळा एका गटात धरतो. माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने 1923 साली नुसते ठिपके मांडून हे दाखवलं होतं. तारीख, वेळ आणि नाट्यगृह शेजारी आले की वाचक ते एका दमात वाचतो. तिकिटाचा दर कलाकाराच्या नावाला चिकटला, तर घोटाळा.

दुसऱ्यांदा फक्त आकार बदलायचा, तिसऱ्यांदा फक्त जाडी. इथे एक गोष्ट पक्की धरा: फरक करायचा तर ठळक करा. 12 पॉइंटशेजारी 14 पॉइंट ठेवले तर चूक झाल्यासारखं दिसतं, 12 शेजारी 28 ठेवले की तो निर्णय असतो. रंग सर्वांत शेवटी आणि तोही एकच. आर्टवर्क करड्या छटांमध्ये बदलून पाहा. तिथे क्रम कोसळत असेल, तर रंगाने नुसती डागडुजी केली होती असं समजा.

इंटरनेटवरचे बहुतेक धडे रोमन लिपी गृहीत धरतात. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे एखादी ओळ कॅपिटलमध्ये टाकून उठावदार करण्याची सोयही नाही. आपल्याकडे उरतात आकार, जाडी, जागा आणि रंग. म्हणून मराठी मजकुरावर काम करणाऱ्याची रचनेची समज जास्त पक्की हवी, असं मी आग्रहाने सांगते. रोमन अक्षरं तळाच्या रेषेवर उभी असतात, आपली दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी शिरोरेषेला लटकतात. इंग्रजी आणि मराठी शब्द एका ओळीत आले की नुसता पॉइंट साइज सारखा ठेवून भागत नाही, दोन्ही डोळ्याने जुळवावे लागतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा शब्द राहत नाही. ओळींमधलं अंतरही जास्त लागतं, कारण वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आणि रफारांवर आदळतात. पानं मांडायचं सॉफ्टवेअर इनडिझाइन आपणहून अक्षरांच्या आकाराच्या 120 टक्के अंतर देतं. मी मराठीसाठी साधारण 140 पासून सुरुवात करते आणि फॉन्ट पाहून कमी-जास्त करते. जोडाक्षरं फुटत असतील तर इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही भारतीय लिप्यांसाठी लागणारी सेटिंग निवडलीय का ते बघा. फॉन्टमधले ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, हेही तपासा. पाकळीचा ल आणि देठाचा श हवा, 2009 च्या शासननिर्णयातही तेच आहे.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला संकल्पचित्र काढलेल्यांना समतोल वेगळा शिकवावा लागत नाही, दिलेली चौकट आकारांनी आणि सपाट रंगांनी कशी तोलायची हे त्यांच्या हातात असतं. त्या सवयीची एक अडचण मात्र होते: चौकट भरून टाकावीशी वाटते. जाहिरातीत रिकामी जागा हाही एक आकार आहे. लग्नपत्रिकेसारखी मधोमध मांडणी प्रसंगाला भारदस्तपणा देते, पण प्रत्येक कामाला ती नको. डावीकडे एक जड शीर्षक आणि उजवीकडे खाली छोटासा गट, मध्ये मोकळीक, असाही तोल साधतो. क्लायंट ती मोकळीक भरायला सांगेल. तेव्हा भरलेला आणि मोकळा असे दोन्ही लेआउट प्रत्यक्ष आकारात छापून शेजारी ठेवा. वाद घालण्यापेक्षा हे जास्त वेळा उपयोगी पडतं.

नोकरीच्या सुरुवातीला बहुधा ॲडॅप्टचं काम मिळतं: एकच डिझाइन होर्डिंग, स्टँडी आणि इन्स्टाग्रामसाठी वेगवेगळ्या मापांत बसवायचं. पुष्कळ जण त्याने खट्टू होतात. मला विचाराल तर रचनेचं इतकं चांगलं शिक्षण वर्गातही मिळत नाही. आडव्या होर्डिंगवरची मांडणी उभ्या चौकटीत नेताना काय ठेवायचं, काय गाळायचं, हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. पोर्टफोलिओत असं एखादं काम तिन्ही मापांत दाखवा आणि शेजारी पेन्सिलीची कच्ची रेखाटनंही लावा. मी पोर्टफोलिओ बघते तेव्हा रेखाटनांवर जास्त वेळ थांबते, कारण उमेदवार विचार कसा करतो ते तिथे दिसतं.

काम पाठवण्याआधी ते खऱ्या मापात छापून भिंतीला लावा. या क्षेत्राशी संबंध नसलेल्या कुणाला तरी, आईला, शेजारच्या काकांना, क्षणभर दाखवून झाकून टाका आणि काय काय दिसलं ते त्याच क्रमाने सांगायला लावा. तुम्ही सुरुवातीला पेन्सिलीने लिहिलेल्या क्रमाशी ते ताडून पाहा आणि जिथे फरक पडेल, तिथलाच आकार किंवा जागा बदला.