खुल्या कोळसा खाणीतलं पावसाचं पाणी: नाल्यात सोडण्याआधी काय करायचं

वणी, घुग्घुस, माजरी, उमरेड या पट्ट्यातल्या खुल्या खाणींत पावसाळ्याची तयारी म्हणजे पंप दुरुस्त करणं, असा समज पक्का बसलाय. खरं तर पंपाचा नंबर शेवटचा. आधी वरच्या वावरांतून, पांदणीतून येणारं स्वच्छ पाणी खाणीत शिरूच द्यायचं नाही. ते एकदा ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या, ढिगाला लागलं की सगळंच गढूळ होतं आणि साफ करायचं पाणी कितीतरी पट वाढतं.

म्हणून चर दोन लागतात. एक वरच्या बाजूचा, स्वच्छ पाणी खाणीला वळसा घालून थेट नाल्यात नेणारा. दुसरा ढिगाच्या पायथ्याचा, गढूळ पाणी सेटलिंग टँकमध्ये, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीत, नेणारा गारलँड ड्रेन. हे दोन कुठेही एकमेकांना मिळता कामा नयेत. एप्रिल-मे महिन्यात लेव्हल मशीन घेऊन दोन्ही चर पायी तपासा. डंपरच्या रस्त्याखालचा पाइप बुजला की पाणी रस्त्यावरून दुसऱ्या चरात उतरतं. बहुतेक गडबड तिथेच होते.

चराचं माप अंदाजाने ठरवू नका. ढिगाचं क्षेत्र हेक्टरमध्ये, पावसाचा जोर तासाला मिलिमीटरमध्ये आणि वाहून जाणाऱ्या पाण्याचा वाटा, या तिघांचा गुणाकार करून ३६० ने भागा. सेकंदाला किती घनमीटर पाणी येईल ते कळतं. ४० हेक्टरचा ढीग, तासाला ५० मिमी पाऊस, वाटा ०.५ धरला तर उत्तर येतं २.८. एवढ्या पाण्याला तळ १.५ मीटर, पाण्याची खोली १ मीटर, बाजूंचा उतार दीडास एक (आडवा दीड, उभा एक) आणि लांबीत ६०० मीटरला १ मीटर उतार पुरतो. वर ३० सेंमी मोकळी जागा ठेवा. काळ्या मातीत बाजू उभ्या काढल्या तर उन्हाळ्यात भेगा पडतात आणि मृगाच्या पहिल्याच सरीत त्या कोसळून चर बुजतो. चर ढिगाला अगदी चिकटूनही काढू नका. मध्ये मोठ्या दगडांची पायथा-भिंत हवी आणि गाळ काढायला पोकलेन फिरेल एवढी वाट हवी.

टँकच्या बाबतीत सगळ्यात मोठा गैरसमज खोलीचा. खोल खणला की गाळ जास्त बसेल असं वाटतं, पण गाळ बसणं मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागावर ठरतं. २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गाळकण सेकंदाला साधारण ०.४ मिमी खाली जातो. म्हणून २.८ घनमीटर पाण्याला ७,००० चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन एकर पृष्ठभाग लागतो. १५० मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद टँक बरोबर बसेल. खोली हवी ती गाळ साठवायला. पाणी आत येण्याची आणि बाहेर पडण्याची जागा दोन टोकांना ठेवा, नाहीतर पाणी कोपऱ्यातून निघून जातं आणि बाकी टँक नुसता भरलेला दिसतो. संपमधलं, म्हणजे खाणीच्या तळाशी पाणी जमणाऱ्या खड्ड्यातलं, पंपाने उपसलेलं पाणीही इथेच सोडायचं. तासाला ५०० घनमीटरचा पंप धरला तर आणखी ३५० चौरस मीटर लागतात. टँकमध्ये रंगवलेली पट्टी उभी करा. एक तृतीयांश खोली गाळाने भरली की उपसा.

काळ्या मातीची चिकण मात्र टँकला दाद देत नाही. २ मायक्रॉनचा कण शंभरपट हळू बसतो, म्हणजे टँकही शंभरपट मोठा लागेल. तिथे तुरटीच हवी, आणि मात्रा रोजच्या पाण्यावर ठरवायची. १० ग्रॅम तुरटी १ लिटर पाण्यात विरघळवा. गढूळ पाण्याच्या एकेक लिटरच्या चार बाटल्यांत या द्रावणाचे २, ४, ६ आणि ८ मिली टाका. एक मिनिट जोरात, दहा मिनिटं हळू ढवळा आणि अर्धा तास ठेवून द्या. ज्या सगळ्यात कमी मात्रेत पाणी निवळतं, ती तुमची मात्रा. ४ मिली म्हणजे लिटरला ४० मिलिग्रॅम. तुरटी टँकच्या तोंडाशी, पाणी खळखळतं तिथे सोडा. साचलेल्या पाण्यावर शिंपडलेली वाया जाते. तुरटीने सामू (pH) उतरतो, तोही मोजा. बाहेर जाणाऱ्या पाण्यात तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत, तेल-ग्रीस १० च्या आत आणि सामू ५.५ ते ९ मध्ये हवा. वर्कशॉपचं पाणी आधी तेल-ग्रीसच्या सापळ्यातूनच येऊ द्या.

वर्धा फुगली की निर्गुडेसारख्या उपनद्यांचं पाणी मागे थोपतं. चराचं तोंड पूररेषेखाली असेल तर नदी त्याच चराने उलटी खाणीत शिरते. तिथे बाहेरच उघडणारी झडप बसवा आणि पावसाळ्यापूर्वी हाताने उघडझाप करून पाहा. एका फांदीनेसुद्धा ती अडकते. खाणीच्या प्रवेशाचा सगळ्यात खालचा बिंदू आजवरच्या सर्वोच्च पूरपातळीच्या किमान १.५ मीटर वर हवा.

नाला वळवायचा असेल तर रीतसर मंजुरी घ्या आणि तो सरळ करू नका. १,२०० मीटरमध्ये ३ मीटर उतरणारा नाला ७०० मीटरमध्ये सरळ नेला तर वेग सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो, काठ तुटतात आणि ती माती खालच्या कास्तकाराच्या वावरात जाऊन बसते. जुनी वळणं नव्या पात्रातही ठेवा.

पाण्याचे नमुने नाल्यात खाणीच्या वर आणि खाली, एकाच दिवशी, जोराचा पाऊस सुरू असताना घ्या. उघडीप पडल्यावर घेतलेल्या नमुन्यात गाळ दिसत नाही. आणि मोठा पंप सुरू करण्याआधी खालच्या गावाच्या पोलीस पाटलांना फोन करा, नाल्यात जनावरं असतात.