गंधपुऱ्याचं तेल आणि आईचे गुडघे

उटीहून कुणीतरी गंधपुऱ्याच्या तेलाची बाटली आणून दिली आणि नुसत्या वासानेच आईचे गुडघे हलके झाले. पण ती तेल तसंच चोळायची आणि वर गरम पाण्याच्या पिशवीने शेकायची. व्हायचं तेच झालं. गुडघ्यावर लालभडक चट्टा, आणि आग आग.

नुसतं पाणी ओतून उपयोग नव्हता, तेल पाण्यात मिसळत नाही. खोबरेलात बुडवलेल्या कापसाने पुसून घेतलं, मग साबणाने धुतलं. आग हळूहळू बसली.

या तेलात जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेटच असतं, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्याच घराण्यातलं. चमचाभर, ५ मिली, पोटात गेलं तर ते सुमारे ७ ग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेतल्यासारखं होतं. लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. कातडीतूनही ते रक्तात उतरतं, शेक दिला की जास्तच. म्हणून पिशवी बंद. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर हे तेल लावूच नये. आईला ती नाही, तरी डॉक्टरांना विचारून घेतलं.

आता ३० मिली तिळाच्या तेलात १२ थेंब, साधारण २ टक्के. चट्टा पूर्ण गेल्यावर आधी हातावर थोडं लावून दिवसभर पाहिलं, मग गुडघ्याला. आईची तक्रार एकच, ‘चुरचुरत नाही, मग लागू कसं पडणार?’ लावते मात्र रोज. मूळ बाटली कपाटात, कुलपात; भाचा हाती लागेल ते तोंडात घालतो.