स्पिनला नाचणारं टॉप लोड मशीन: आधी हादरा ओळखा, मग पाना उचला

जुनं टॉप लोड मशीन स्पिनला जागेवरून सरकायला लागलं, की पहिलं नाव निघतं सस्पेन्शन रॉडचं, म्हणजे टब ज्यांवर लटकतो त्या स्प्रिंगवाल्या सळ्यांचं. बरेचदा ते खरंही असतं. तरी रॉडचा सेट आणण्याआधी एक स्पिन रिकाम्या टबावर चालवा. कपडे नाहीत, पाणी नाही, झाकण बंद. रिकामं मशीन शांत फिरलं तर दोष कपडे भरण्यात किंवा रॉडमध्ये. रिकामंही हादरलं तर रॉडबरोबर पाय, फरशी, बॅलन्स रिंग (टबाच्या वरच्या कडेचं तोल साधणारं कडं) आणि टबाखालचा हबही (टब ज्यावर बसून फिरतो तो भाग) तपासावा लागेल.

हादरा नेमका कधी येतो तेही बघा. स्पिन सुरू होताना टब धाडधाड आपटतो आणि वेग आला की निवळतो, तर रॉड थकलेत किंवा कपडे एका बाजूला गोळा झालेत. सुरुवात ठीक, पण पूर्ण वेगात अख्खं मशीन थरथरतं, तर पाय किंवा फरशी. सोबत घरघर असेल तर बेअरिंग.

सोलापुरात पहिला संशय चादरीवर घ्यावा. जाड सोलापुरी चादर एकटीच टाकली की ती पाणी पिऊन टबाच्या एका कडेला बसते आणि समोर तोलाला काहीच उरत नाही. साधा हिशेब आहे: टब मिनिटाला ७०० फेरे घेत असेल आणि मध्यापासून २५ सेंटिमीटरवर अर्धा किलो वजन जास्त असेल, तर ते टबाला सुमारे ६८ किलोच्या ताकदीने बाहेर ओढतं. रॉड नवे कोरे असले तरी एवढी ओढ त्यांना झेपत नाही. दोन चादरी समोरासमोर सैल सोडा, नाहीतर एका चादरीसमोर तीन-चार टर्किश टॉवेल टाका. चादर गुंडाळून टाकायची नाही.

आता पाय. शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते, आणि मोरीकडे उतार असतोच. मशीनच्या वरच्या पत्र्याचे समोरासमोरचे दोन कोपरे आलटून पालटून दाबा. डुगडुगलं तर पायाचा चेकनट (पाय जागेवर धरून ठेवणारा नट) सैल करून पाय खाली-वर करा, पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी बघा, मग चेकनट पत्र्याच्या बाजूला घट्ट आवळा. चेकनट सैल राहिला तर पाय आठवडाभरात पुन्हा फिरतो. पायाखाली पुठ्ठा किंवा फरशीची कपची घालू नका, ओल लागली की ती सरकते. चाकांचा स्टँड असेल तर आधी तो काढा. मशीन गच्चीत उन्हात असेल तर पायांचं रबर कडक होऊन चिरतं, ते बदलावंच लागतं.

एवढ्यानं भागलं नाही तर रॉड. रिकामा टब हातानं तीन-चार इंच खाली दाबून सोडा. तो वर येऊन फार तर एकदा हलून थांबला पाहिजे. दोन-तीनदा उसळला तर रॉडच्या खालच्या टोकाला असलेल्या, उसळी थांबवणाऱ्या वाटीची पकड गेली आहे. टब एका कोपऱ्याकडे झुकलेला दिसला तर त्या कोपऱ्याची स्प्रिंग बसली आहे किंवा वाटी फुटली आहे.

रॉड चार असतात आणि चारही एकदमच बदलायचे. एकच नवा टाकला तर टब तिरका लटकतो. काही मशीनमध्ये पुढचे आणि मागचे रॉड वेगळे असतात, म्हणून दुकानात मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि जुना रॉड दोन्ही न्या. लांबी, स्प्रिंगची जाडी आणि वाटीचा रंग जुळवून घ्या.

प्लग काढा, नळ बंद करा, टबातलं पाणी सोडून द्या. कपॅसिटरला (मोटरसाठी वीज साठवणाऱ्या भागाला) हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते. झाकण चिकटपट्टीनं बंद करा. वरचा भाग बहुतेक मशीनमध्ये मागच्या स्क्रूंनी धरलेला असतो. ते काढून तो उचला, पण पॅनलच्या वायरी ताणू देऊ नका. आता चारही कोपऱ्यांत रॉडची गोल डोकी खोबणीत बसलेली दिसतील. एकानं त्या कोपऱ्यात टब उचलून धरायचा, दुसऱ्यानं डोकं खोबणीतून सरकवून रॉड टबाच्या कानातून (रॉड अडकतो त्या बाहेर आलेल्या भागातून) काढायचा. त्याच जागी नवा बसवा आणि मगच पुढच्या कोपऱ्याकडे वळा. दोन रॉड एकदम काढले तर टब कलंडून खालचा पाइप उपटतो. डोक्याला आणि खोबणीला थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. वाटीत मात्र तेलाचा थेंबही नको. टबाची उसळी तिथल्या घर्षणानंच थांबते, आणि 'वंगण दिलं की आवाज जातो' म्हणणारे नेमकं तेच घालवतात.

नवे रॉड टाकूनही रिकामं मशीन हादरत असेल तर टबाच्या वरच्या कडेची बॅलन्स रिंग बघा. तिच्यात मिठाचं पाणी असतं. टब हातानं फिरवल्यावर आतून खळखळ येणं चांगलं. कडेला पांढरे मिठाचे ओघळ असतील तर रिंग फुटली आहे. ती भरून, चिकटवून टिकत नाही, नवीच लागते. पांढरा थर सगळीकडे असेल तर तो बोअरच्या जड पाण्याचा. तो आणि साबणाचा गाळ पल्सेटरखाली (टबाच्या तळाच्या फिरत्या चकतीखाली) एका बाजूला साचला तरी तोल जातो. पल्सेटरचा मधला स्क्रू काढून तो उचला आणि खालचं सगळं खरवडून धुवा.

आतला टब कडेला धरून हलवल्यावर खटखट वाजला, तर हब किंवा बेअरिंग गेलं. हे काम मेकॅनिकचंच, त्याला खास पाना आणि पुलर (घट्ट बसलेला भाग ओढून काढणारं अवजार) लागतो. दहा-बारा वर्षांच्या मशीनला हा खर्च करायचा का, ते टबाचा पत्रा किती गंजलाय ते बघून ठरवा.

एक काम कुणालाही करू देऊ नका. टब जास्त हलला की त्याला लागून स्पिन थांबवणारी एक पट्टी जुन्या मशीनमध्ये असते. ती वाकवली किंवा बांधून ठेवली की मशीन थांबत नाही, पण टब पत्र्यावर आपटतच राहतो.