काल्पनिक व्हिस्की पडद्यावर आणताना या चुका टाळा

कितीतरी मालिका आणि लघुपटांत टेबलावर व्हिस्कीची बाटली येते आणि लेबलच्या जागी एक धुरकट चौकोन हलत राहतो. नट जीव ओतून बोलत असतो, पण नजर जाते त्या चौकोनाकडे. खऱ्या ब्रँडची बाटली आणायची आणि संकलनात पुसायची, हे स्वस्त पडते म्हणून केले जाते. माझ्या मते कथेसाठी स्वतःचा ब्रँड घडवणे केव्हाही चांगले. तो विचार करून घडवला तर कथेचेच काम करतो.

‘लॉस्ट’ या अमेरिकी मालिकेत 2007 साली आलेली ‘मॅककचन’ ही स्कॉच पूर्णपणे काल्पनिक आहे. धनाढ्य बाप मुलीचा हात मागायला आलेल्या तरुणासमोर ती उघडतो, एकाच ग्लासात ओततो आणि सांगतो की हिचा एक घोट तुझ्या महिन्याच्या कमाईपेक्षा महाग आहे. मग तो ग्लास स्वतःच रिकामा करतो. दोघांमधली दरी दाखवायला त्यानंतर एकाही संवादाची गरज उरत नाही, आणि पुढच्या भागांत तीच बाटली दिसली की अपमान आपोआप आठवतो.

नाव आधी, गाव नंतर

बहुतेक गडबड इथून सुरू होते. कानाला भारदस्त वाटेल असे नाव सुचते, लेबल छापून होते आणि मग कोणीतरी विचारते, ही व्हिस्की बनते कुठे? क्रम उलटा हवा. कोणता देश, कोणते साल, कशापासून बनलेली, कोणाच्या खिशाला परवडणारी, हे आधी ठरवा. नाव त्यातून निघते.

‘ग्लेन’ हा शब्द सर्वांत जास्त वापरला जातो आणि सर्वांत जास्त चुकतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ग्लेन म्हणजे दरी. तो शब्द दिसला की प्रेक्षक स्कॉच समजतो. जर्मनीतल्या एका डिस्टिलरीने आपल्या व्हिस्कीला ‘ग्लेन बुखेनबाख’ नाव दिले, तेव्हा स्कॉच व्हिस्की असोसिएशन ही स्कॉच उत्पादकांची संघटना कोर्टात गेली. प्रकरण 2018 मध्ये युरोपीय न्यायालयापर्यंत पोहोचले आणि 2019 मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने त्या नावाला मनाई केली. भारतात ‘पीटर स्कॉट’ या देशी व्हिस्कीच्या नावावरही याच संस्थेने आक्षेप घेतला होता. तिथे 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल उत्पादकाच्या बाजूने दिला, कारण तक्रार करायला फार उशीर झाला होता. नाशिकजवळच्या कारखान्यातल्या काल्पनिक व्हिस्कीला ‘ग्लेन’ लावायचेच असेल तर मालक ग्राहकाला फसवू पाहणारा आहे, हे कथेत दिसू द्या. उगाच शोभेसाठी लावू नका.

अमेरिकी बर्बन व्हिस्की दाखवत असाल तर त्याचेही नियम आहेत: धान्यात किमान 51 टक्के मका, आणि आतून जाळलेले नवे ओक पिंप. ‘किंग्जमन’च्या 2017 च्या दुसऱ्या भागात ‘स्टेट्समन’ ही केंटकीतली बर्बन डिस्टिलरी दाखवली, आणि ओल्ड फॉरेस्टर या खऱ्या कंपनीने त्या नावाची बाटली बाजारातही आणली. काल्पनिक ब्रँड विकत घेण्याजोगा वाटला, कारण गाव, धान्य आणि बाटलीचा घाट एकमेकांशी जुळत होते.

वय फुगवणे

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती टाळायला एक पैसा लागत नाही. व्हिस्की लाकडी पिंपात असते तेवढीच वर्षे तिचे वय धरले जाते. बाटलीत भरली की वय थांबते. ‘आजोबांनी 1970 साली घेतलेली बारा वर्षांची बाटली आता साठीच्या पुढे गेली’ हा संवाद म्हणूनच चुकीचा आहे. ती आजही बारा वर्षांचीच व्हिस्की आहे. मिश्रण असेल तर लेबलवर त्यातल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचे वय लिहावे लागते.

आता हवामान बघा. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के द्रव उडून जातो. त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळूरला हेच प्रमाण 10 ते 12 टक्क्यांपर्यंत जाते. दरवर्षी उरलेल्यातले 10 टक्के गेले, तर 25 वर्षांनी पिंपात सुरुवातीच्या जेमतेम 7 टक्के शिल्लक राहील. स्कॉटलंडमध्ये 2 टक्क्यांच्या हिशेबाने 60 टक्के राहते. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीने आपल्या जास्त मुरलेल्या व्हिस्कीला ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे हावरे देवदूत, असेच नाव दिले, आणि तिच्या बाटल्यांवरचे वय 8, 10, 12 वर्षे असे आहे. त्यामुळे भारतात मुरलेल्या काल्पनिक माल्ट व्हिस्कीवर ‘30 वर्षे’ छापले की जाणकार प्रेक्षक तिथेच थबकतो. आठ-दहा वर्षे लिहा. आपल्या उन्हात तेवढीही कौतुकाची आहेत. मॅककचनवरची साठ वर्षे मात्र चालून जातात, कारण ती स्कॉच आहे. मॅकॅलनची 1926 सालची खरी व्हिस्की साठ वर्षे मुरवून 1986 मध्ये बाटलीत भरली होती.

सालाची काळजीही इथेच घ्या. अमृतने आपला सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त माल्टपासून बनलेली व्हिस्की, 2004 साली ग्लासगोत आणला. त्यापूर्वीच्या काळातल्या कथेत भारतीय सिंगल माल्टचा डौलदार ब्रँड दिवाणखान्यात मिरवला, तर काळाचा धागा तुटल्यासारखा वाटतो.

दारूबंदी विसरणे

1955 ची मुंबई, मलबार हिलवरचा बंगला, पाहुण्यांसमोर स्कॉच. चित्र देखणे दिसते, पण तेव्हा मुंबई राज्यात 1949 च्या कायद्याची दारूबंदी होती. परवान्याशिवाय पिणे गुन्हा होता. ज्यांच्याकडे परवाना नव्हता त्यांच्यासाठी चोरटा माल, हातभट्टी आणि आंटीचे अड्डे होते. म्हणून त्या काळातली बाटली कपाटाच्या कुलपातून बाहेर यायला हवी, नाहीतर यजमानाच्या बोलण्यात परवान्याचा उल्लेख हवा. त्याच वर्षी पणजीतल्या घरात बाटली उघड्यावर ठेवता येते. तिथे 1961 पर्यंत पोर्तुगीज राजवट होती आणि मुंबईचा कायदा लागू नव्हता. लेखकाला हे ठाऊक असेल तर साध्या पिण्याच्या प्रसंगात आपोआप ताण येतो. तो वाया का घालवायचा?

लेबलवरचा बारीक मजकूर

पुढचे लेबल सुंदर असते आणि मागचे कोरे. बाटली हातात फिरली की उघडे पडते. आजच्या भारतीय बाटलीवर 750 मिली, बहुधा 42.8 टक्के अल्कोहोल, कमाल किंमत, अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक आणि 1 एप्रिल 2019 पासून ठरवून दिलेला वैधानिक इशारा असतो. लंडनमधल्या प्रसंगातली आजची बाटली 70 सेंटिलिटरची हवी, आणि स्कॉचवर अल्कोहोल किमान 40 टक्के. 1980 पूर्वीच्या ब्रिटिश लेबलवर टक्के नसत, ‘70 डिग्री प्रूफ’ असे लिहीत. ते आजच्या 40 टक्क्यांइतके होते. बारकोड किराणा मालावर 1974 पासून आला. साठच्या दशकातल्या बाटलीवर तो दिसता कामा नये. ‘व्हिस्की’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये (Whisky की Whiskey) स्कॉटलंड आणि भारत ‘ई’ लिहीत नाहीत, आयर्लंड लिहितो आणि अमेरिकेतही बहुतेक जण लिहितात.

रिकामी बाटली आणि तिच्या खुणा

भंगारवाल्याकडून खंबा आणला, लेबल भिजवून काढले, नवे चिकटवले. तरीही क्लोजअपमध्ये खरा ब्रँड दिसतो, कारण नाव काचेत उठवलेले असते, खांद्यावर किंवा तळाशी. झाकणावरही छापलेले असते. बाटली आणतानाच तिरक्या उजेडात फिरवून बघा. चौकोनी बाटली आणि तिरपे लेबल एकत्र आले की कोणालाही जॉनी वॉकर आठवतो, नाव काहीही छापा. तो घाटच टाळा. अनेक बाटल्यांच्या तोंडाशी एक प्लॅस्टिकची गोळी असते, ती पुन्हा भरू देत नाही. हे सेटवर कळले तर अर्धा तास जातो. शक्यतो बुचाची बाटली घ्या.

लेबल चकचकीत फोटो कागदावर छापले की दिव्याखाली पांढरा पट्टा उमटतो. खरखरीत, न चमकणारा कागद वापरा. इंकजेटची शाई ओल्या हाताने पसरते, म्हणून वरून मॅट वॉर्निशचा फवारा मारा.

आतला द्रव

कोरा चहा हा जुना आणि चांगला उपाय आहे, पण फ्रिजमध्ये ठेवला की गढूळ होतो. पातळ करा, फडक्यातून गाळा, बाहेरच ठेवा आणि रोज नवा करा. नट तो खरोखर पिणार आहे. कोला ओतताना फेस येतो, तो लगेच ओळखू येतो. जाड काचेच्या बाटलीत रंग गडद दिसतो आणि ग्लासात फिका, म्हणून रंगाची परीक्षा ग्लासात, त्याच दिव्याखाली करा. खरा बर्फ दिव्याखाली वितळतो आणि पुढच्या टेकला खडे लहान दिसतात. अ‍ॅक्रिलिकचे खडे ठेवा, पण ज्या ग्लासातून नट पिणार आहे त्यात मात्र खराच बर्फ घाला.

नाव न तपासणे

सुचलेले नाव कोणाचे तरी असू शकते. ‘टिनटिन’ चित्रकथांमधल्या ‘ब्लॅक आयलंड’मध्ये आधी जॉनी वॉकर होती, 1966 च्या नव्या आवृत्तीत तिथे ‘लॉक लोमंड’ आली. साठच्याच दशकात स्कॉटलंडमध्ये त्याच नावाची खरी डिस्टिलरी उभी राहिली. भारतीय ट्रेडमार्क नोंदवहीचा शोध इंटरनेटवर फुकट करता येतो. बीअर सोडून बाकीची दारू 33 व्या वर्गात असते. तिथे नाव टाका, उच्चार सारखा असलेली नावेही टाका, आणि निकालाच्या पानाचे चित्र निर्मिती विभागाकडे ठेवा. लेबल छापायला देण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा शोधा.